बहुमताने ठरलेलं नाक

ताईचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्यात माझा हातखंडा आहे. फोनवर माझी बोबडी वळते म्हणून ताई मला पत्रं लिहिते, आणि पत्र लिहायला बसलो की मला पहिलंच वाक्य पसंत पडत नाही. पण या पत्राला उत्तर न देण्याची माझी तऱ्हा जरा निराळी होती. मी शिकवणी लावली.

ताईने काही जगावेगळं मागितलं नव्हतं. तिची अक्षरं तेव्हाच एकमेकांच्या खांद्यावर चढायला लागली होती. "पुस्तक्या, डोळे गेल्यातच जमा आहेत. आईचा फोटो हातात घेतला तर नुसता गुळगुळीत कागद लागतो. तिचा चेहरा कुणी मातीत करून देईल का? हात फिरवून बघता येईल असा. तू एवढं वाचतोस, तुला कुणीतरी माहीत असेल. पत्ता कळव."

पत्ता कळव. एवढंच. शहाण्या माणसाने चार ठिकाणी विचारलं असतं आणि कार्डावर पत्ता लिहून टाकला असता. मी छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म घालवलेला माणूस. कणकेचा गोळासुद्धा कधी मळला नाही. त्या मी ठरवलं की आईचा चेहरा आपणच करायचा, आणि तो झाला की तेच उत्तर. तोवर लिहायचं काय? "करतो आहे" असं कळवलं आणि जमलं नाही तर? माझ्या बहुतेक मौनांमागे असा काहीतरी उदात्त विचार असतो. बाहेरून तो आळसासारखा दिसतो, याला माझा इलाज नाही.

मातीला हात लावण्याआधी मी चेहऱ्याच्या हाडांवर मिळतील तेवढी पुस्तकं वाचून काढली. त्यामुळे पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंना मी गालाच्या हाडाचं नाव सांगू शकलो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि माझ्यापुढे मातीचा गोळा आपटला. "छान. आता हवा काढा यातली."

माझं पहिलं नाक टोपी अडकवायच्या खुंटीसारखं झालं. पहिला कान कोबीच्या पानासारखा. डोळे मी इतके वर बसवले की त्या माणसाला विचार करायला जागाच उरली नाही. "सगळेच असं करतात," बाई म्हणाल्या. "डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, काका. मोजून बघा." माझा विश्वास बसला नाही. घरी जाऊन आरशापुढे पट्टी धरली, तर त्यांचं बरोबर होतं. म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या कपाळाला कमी लेखत होतो.

"आणि डोळा काढायचा नाही," त्या म्हणायच्या. "अक्षर काढल्यासारखा काढताय तुम्ही. आधी गोळी बसवा. मग तिच्यावर पापणी पांघरा. माणूस पांघरूण घेतो तशी."

सगळ्यात मोठी पंचाईत वेगळीच होती. बाईंनी नमुन्याला समोर कुणीही बसवावं, माझ्या हातून मीच तयार व्हायचो. गल्लीतला न्हावी बसवला, मी झालो. बाईंची धाकटी बहीण बसवली, तीही मीच. ती बिचारी रडायचीच बाकी राहिली. "नवशिका माणूस नकळत आपलाच चेहरा करतो," बाईंनी समजूत घातली. "रोज आरशात तोच बघतो ना."

"मी आरशात फारसा बघत नाही हो."

"तरी उतरलाय," बाई म्हणाल्या.

या सगळ्यातून आईचं डोकं तयार झालं, आणि माझ्या माडीवरच्या खोलीत ओल्या फडक्याखाली ते दोन पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसून राहिलं. मी रोज सकाळी फडकं भिजवायचो, चेहऱ्यावरून एक सुरकुती काढायचो, संध्याकाळी ती परत घालायचो. हे असंच चालू राहिलं असतं, पण ताईची मुलगी आली.

*

ती कचेरीच्या कामासाठी शहरात आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. चपला काढता काढताच तिने वर बघून हाक दिली, "मामा, आई विचारते, तू जिवंत आहेस का?"

मी जिन्यात अर्धा उतरलो होतो तो तिथेच थांबलो. धाकट्याने खालून परस्पर उत्तर देऊन टाकलं. "जिवंत आहे. चिखल खेळतोय."

धाकटा माझा भाऊ. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून घरातला प्रत्येक दिवा आपल्या परवानगीने लागावा असं त्याला वाटतं. मी त्याच्याच घरात माडीवर राहतो, तेव्हा माझ्या मातीची परवानगी त्याने दिली नव्हती हे त्याने वेळोवेळी ऐकवलं होतं. त्याच्या मते फोटो मोठा करून, चौकटीत बसवून पाठवणं हाच सुटसुटीत उपाय. आंधळ्या बाईला? असं भावजयीने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "निदान मोठा असेल."

भाची वर आली. तिच्या मागून धाकटा, त्याच्या मागून भावजय चहाचे कप घेऊन, आणि सगळ्यात शेवटी, दर पायरीला थांबत, मावशी. आईच्या पाठची ही शेवटची उरलेली. जुनं घर विकायच्या वेळी मावशी आणि भावजय यांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. अजूनही एकीला चहा द्यायचा तर दुसरी कप समोर ठेवायची आणि भिंतीला सांगायची, "गरम आहे."

मी फडकं काढलं.

खालच्या गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मी आईच्या कपाळावरचा एक न दिसणारा कण झटकला.

मावशी पुढे वाकली. चष्मा काढला, पुसला, लावला. "छान आहे," ती म्हणाली. "सोज्वळ बाई दिसते. कोण आहे पण?"

"मावशी, आई आहे ती," मी म्हणालो.

"कुणाची?"

भावजयीला हसू आलं. ते लपवायला तिने कपात तोंड घातलं.

"फोटोसारखी तर आहे," धाकटा म्हणाला. आणि आपण पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोललो हे लक्षात आल्यामुळे घाईने पुढे म्हणाला, "म्हणजे, फोटोच पुरला असता."

त्या फोटोबद्दल इथे सांगायला हवं. आईचा एकुलता एक धड फोटो अंगणात काढलेला. उजव्या गालावर ऊन, डावी बाजू पार काळोखात. मी काय केलं, उजवी बाजू बघून केली आणि डावी त्याबरहुकूम. भुवई थोडी खालीवर वाटली, ती सरळ केली. ओठाचा एक कोपरा चुकून जास्त वर गेल्यासारखा दिसला, तो जुळवला. कुणी सांगितलं नव्हतं. पण पानावर दोन बाजू सारख्या नसल्या की ज्याचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो, त्याच्यापुढे त्याची आई जरी आली तरी तो शुद्धलेखनच करणार. माझी आई आता निर्दोष होती. तिच्यात एकही चूक उरली नव्हती, आणि म्हणून ती कुणाला ओळखू येत नव्हती.

"नाक चुकलंय," मावशी म्हणाली. "एवढं सरळ नाक आमच्यात कुणाचं नाही. तिचं डावीकडे कललेलं होतं. माझं बघ. तुझं बघ," ती धाकट्याकडे वळली.

"माझं?" धाकट्याचा हात नाकाकडे गेला. "माझं नाक सरळ आहे."

"तुमचं?" भावजय म्हणाली.

"का? काय झालं?"

"काही नाही. लग्नाच्या फोटोत फोटोवाला सारखं 'जरा इकडे बघा' म्हणत होता, आठवतं? तुम्ही समोरच बघत होतात. नाक एकटंच तिकडे बघत होतं."

मावशी खुदकन हसली. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भिंतीला नाही तर थेट भावजयीला म्हणाली, "बघ ना. सांग त्याला."

"आईचं नाक सरळ होतं," धाकटा गरजला. "मी तिचा मुलगा आहे. दादा, तू सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. असल्या वेळी मला दोन्ही बाजूंचं पटतं. "फोटोवरून पाहता," मी सुरुवात केली, "दोन्ही मतांत काही अंशी..."

"हात वर करा," भाची म्हणाली. "कललेलं?"

मावशीचा आणि भावजयीचा हात वर गेला.

"सरळ?"

धाकट्याचा एकट्याचा. माझा हात खांद्यापर्यंत आला आणि डोकं खाजवून खाली गेला.

"बहुमताने कललेलं," भाची म्हणाली. पण हसली नाही. डोक्याच्या समोर स्टुलावर बसली आणि त्या सोज्वळ बाईकडे बघत राहिली.

"तुम्ही भांडा," ती म्हणाली, "पण मला एक सांगा. आईची साखर वाढलीय. आता बोटांना मुंग्या येतात. परवा कप गरम आहे हे तिला कळलंच नाही, पोळल्यावर कळलं. डॉक्टर म्हणतात बोटांचंही हळूहळू जाणार. फोटोसारखं दिसतंय का, याच्याशी तिला काय करायचंय? हे हातात घेतल्यावर तिला तिची आई लागणार आहे का, तेवढं सांगा. नाहीतर हे मी तिला सांगतच नाही. मामा विसरला म्हणते."

मी पुन्हा आईच्या कपाळावरचा कण झटकला.

*

यानंतरचं भावजयीच्या बाजूने सांगायला हवं, कारण खोलीत त्या वेळी डोकं फक्त तिचंच चालत होतं. मी तिच्या मनात कधी डोकावलेलो नाही, तेवढी माझी हिंमत नाही. पण पुढे कित्येक दिवस ती हे बहिणींना, शेजारणींना, भाजीवालीला सांगत होती आणि मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो.

तिला आधी राग आला होता. ही सगळी मोठी माणसं डोळे फाडफाडून बघतायत आणि ज्या बाईसाठी हे केलं तिला दिसतच नाही, हे एकाच्याही ध्यानात येऊ नये? तिने कप खाली ठेवला, खुंटीवरचा माझा मफलर काढला आणि नवऱ्याच्या डोळ्यांवर बांधला.

"अगं, काय चाललंय?"

"उभे राहा. हात द्या. हं, बघा आता."

"काय बघू?"

"सासूबाई आहेत का बघा."

धाकट्याने माझ्या दिशेने अंदाजाने एक तुच्छतेचा कटाक्ष टाकला. तो मफलरमुळे कपाटावर गेला. मग त्याचे हात मातीवर आले. कपाळावरून घाईत उतरले, गालांवरून गेले, नाकावरून तर पळालेच. आणि कानापाशी थांबले.

"हा कान नाही," तो म्हणाला.

"कान आहे, तो मी..." मी म्हणालो.

"कान आहे, पण तिचा नाही." त्याचा आवाज बदलला होता. अंगठा आणि बोट पाळीवर होतं आणि ते काहीतरी शोधत होतं. "पाळी लांब होती. मऊ. आणि खाली चिरलेली. दागिन्याच्या वजनाने भोक ओघळत गेलं होतं ना. त्या चिरेत माझं बोट बसायचं. झोपताना. तो कान धरल्याशिवाय मला झोप यायची नाही." मग त्याला आपण काय बोललो ते कळलं. "लहान होतो. तेव्हाचं सांगतोय."

भावजय त्याच्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून हा माणूस झोपेत तिचा कान धरतो. सुरुवातीला ती दचकायची. मग सवय झाली. मग तिने त्याचा एक अर्थ लावला, आणि रोजच्या भांडणांत, वर्षानुवर्षं, त्या अर्थावर बरंच काही निभावून नेलं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "तो माझा कान नव्हताच कधी."

"काय?"

"काही नाही. चालू द्या."

मावशीने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. भावजयीने तिच्याकडे रागाने बघितलं, आणि मग दोघीही हसायला लागल्या. मावशीला तर उचकीच लागली. मफलर बांधलेला धाकटा मध्ये उभा, एका हातात आईचा कान. "काय झालं? कुणी सांगेल का?" त्याला कुणीच सांगितलं नाही.

मग मावशीने स्वतःच डोळे मिटले. तिची बोटं केसांच्या रेषेखाली, कपाळाच्या डाव्या अंगाला गेली. "इथे खळगा हवा. चिंचोक्याएवढा. झोक्यावरून पडली होती. ढकलणारी मीच. वेणी घालताना माझी करंगळी बरोबर त्यात जायची, आणि ती म्हणायची, 'सापडलं का तुझं काम?'"

"मामा, आता तू," भाची म्हणाली.

मला पळून जावंसं वाटलं. जिना माणसांच्या पलीकडे होता. माझ्या बोटांना काय आठवणार? धाकटा आईच्या कुशीत होता, ताई तिच्या हाताखाली, आणि मी कोपऱ्यात पुस्तकात. तिच्या तोंडावरून हात फिरवल्याचं मला एकही वेळ आठवत नव्हतं. तरी लाजेपेक्षा डोळे मिटलेले बरे, म्हणून मिटले. हात पुढे केला. कपाळ लागलं. भुवया लागल्या, सारख्या, नेटक्या, माझ्याच. आणि मग माझं एक बोट, मला न विचारता, नाकाच्या मधोमध टेकलं आणि वर सरकलं.

चष्मा.

आईचे हात कायम कशात तरी बुडालेले असायचे, पिठात, साबणात, कपड्यांच्या बादलीत. आणि चष्मा नाकावरून घसरायचा. "चष्मा वर कर रे," ती म्हणायची. मी जवळच वाचत बसलेला असायचो. पुस्तकातून डोळे न काढता मी हात लांबवायचो आणि एका बोटाने चष्मा वर ढकलायचो. दिवसातून कितीदा. मी तिच्याकडे बघत नसे, पण बोट कधी चुकलं नाही. आणि सरळ वर ढकलून चालायचं नाही. नाकाच्या हाडावर एक उंचवटा होता आणि त्याच्या पुढे डावीकडे उतार. चष्मा नेहमी त्या बाजूला कलायचा, म्हणून बोट आधी डावीकडे न्यायचं, मग वर.

आता ते डावीकडे गेलं. तिथे उतार नव्हता.

"कललेलं होतं," मी डोळे मिटूनच म्हणालो. "माझं मत द्यायचं राहिलं होतं."

"आता काय उपयोग, निकाल लागला," धाकटा म्हणाला. पण मफलर त्याने काढला नव्हता.

माती अजून ओली होती. मी अंगठ्याने दाबलं. जिथे बोट अडत होतं तिथे दाबलं, जिथे पोकळ लागत होतं तिथे चिमूट लावली. डोळे उघडले असते तर मी नक्की काहीतरी सुधारलं असतं, म्हणून उघडले नाहीत. धाकटा पाळी लांबवत होता आणि माझ्या कोपराला त्याचं कोपर लागत होतं. "सरक ना जरा, दादा." मावशीने करंगळीने खळगा केला आणि बोट पदराला पुसलं.

डोळे उघडले तेव्हा काम पार बिघडलेलं होतं. नाक वाकडं, एक कान लोंबता, कपाळाला पोचा. फोटोशी काडीचंही साम्य उरलं नव्हतं. बाईंनी बघितलं असतं तर माझी फी परत केली असती.

"वाईट दिसतंय," धाकटा मफलर काढून म्हणाला.

"मग बघू नका," भावजय म्हणाली.

भाचीने डोळे मिटले. तिने आजीला पाहिलं होतं ते पाळण्यातून. तिच्याकडे आठवण कुठली असणार? तिने नुसता हात फिरवला. नाकावर आली, उतारावरून एकदा खाली गेली, परत वर गेली.

"हे आईचं नाक आहे," ती म्हणाली. "माझ्या आईचं." मग पर्समध्ये रुमाल शोधायला लागली आणि तो सापडेपर्यंत कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

*

ओलं डोकं गाडीतून नेता येत नाही. बाईंच्या सांगण्यावरून मी ते तारेने उभं कापलं, आतून पोकळ केलं, कारण भरीव डोकं भट्टीत फुटतं. मग दोन्ही अर्धुकं पातळ मातीने परत जोडली, मानेखाली एक भोक ठेवलं. एका ठिकाणी जोड नीट बसला नाही, ती शिवण कानामागे अजून लागते. वाळायला ठेवलं. भट्टीतून आल्यावर बाईंनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं आणि विचारलं, "हे मुद्दाम असं केलंय?"

"हो," मी म्हणालो. त्यांनी भुवया उंचावल्या. हो म्हणताना त्यांनी मला पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तुम्ही दिसत नाही यात."

पेटीत भुसा भावजयीने भरला आणि दोरी धाकट्याने बांधली. खांबाला तारा आवळतात तशी त्याने ती आवळली. चिठ्ठी मी लिहिली. भाची वाचून दाखवणार, म्हणून लहान ठेवली. "ताई, तू पत्ता विचारला होतास. बरा माणूस काही सापडला नाही, म्हणून हे मीच केलं. कान धाकट्याचा, कपाळ मावशीचं. नाकावर बोट ठेवून आधी डावीकडे ने, मग वर. उशीर झाला. पुस्तक्या." हे पहिलं वाक्य मला पसंत पडलं असं नाही, पण दुसरं सुचत नव्हतं.

टपाल कचेरीतल्या खिडकीमागच्या माणसाने पेटी वजनकाट्यावर ठेवली, मग उचलून कानाशी हलवली. आत काहीतरी खडखडलं.

तो खडखडाट मला माहीत होता. डोकं जोडताना मातीचा एक गोळा आत राहून गेला होता आणि भाजून घट्ट झाला होता. मानेखालच्या भोकातून तो बाहेर काढायला मी एक अख्खी दुपार घालवली होती, पण तो निघाला नव्हता.

"आत काही सुटलंय," तो म्हणाला. "उघडून बघता का?"

मागे रांग होती. एरवी मी माफी मागून घरी गेलो असतो, पेटी शब्दकोशाशेजारी ठेवली असती आणि आणखी एक सुधारणा केली असती.

"नाही," मी म्हणालो. "डोक्यात थोडी माती राहिलीय."

त्याने काचेतून माझ्याकडे नीट पाहिलं.

"राहू दे मग," तो म्हणाला, आणि शिक्का मारून त्याने पेटी मागच्या ढिगावर सरकवली.